गारगोटी: रविवार सोडून कधीही

गारगोटीला जायचं असेल तर रविवार टाळा. गडकोट पालथे घालायला निघालेल्यांना हे उफराटं वाटेल, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याचं हे ठाणं कॉलेज चालू असतं तेव्हाच खरं जागं असतं. सुटीच्या दिवशी स्टँडवर पेपर वाचणारे चार तात्या आणि झेरॉक्सच्या दुकानांची खाली ओढलेली शटरं, एवढंच दिसेल. मंगळवारी सकाळी त्याच स्टँडवर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

माझी भाची इथे तंत्रनिकेतनात शिकते. तिला भेटायचं निमित्त करून जानेवारीत गेलो. उतरल्या उतरल्या चहावाल्यानं विचारलं, "पावणं, हितं काय बघायला आलायसा?" भाचीला भेटायला, म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. नुसतं गाव बघायला आलोय म्हटलं असतं तर झालं नसतं.

कोल्हापूरहून अंतर साधारण ५० किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून गाड्या मिळतात आणि दीड ते दोन तास धरून चालावं. रस्ता कळंबा, इस्पुर्ली, बिद्री करत मुदाळ तिट्ट्याला येतो. तिथून उजवीकडे राधानगरी, डावीकडे निपाणी, सरळ गारगोटी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. त्यामुळे गाडीत सगळ्यात उत्साही मंडळी म्हणजे नऊवारीतल्या आज्या आणि पिशवीतून आधार कार्ड काढून कंडक्टरला आधीच दाखवणारे आजोबा. जागा हवी असेल तर सुरुवातीच्या थांब्यावरूनच बसा.

स्वतःची गाडी असेल तर दोन गोष्टी सांभाळा. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. पाठीमागे दिवा असतोच असं नाही, आणि उसाची मोळी रस्त्याच्या मध्यापर्यंत बाहेर आलेली असते. अंधार पडायच्या आत पोचा. दुसरं, अमावास्या टाळून निघा. तिट्ट्यापासून निपाणीच्या अंगाला जवळच आदमापूर आहे, बाळूमामांचं. अमावास्येला तिथे एवढी माणसं लोटतात की तिट्ट्यावर गाडी कुठल्याच बाजूला हलत नाही. तुम्हाला दर्शनच घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग गर्दीत मिसळा आणि चांगभलं म्हणा. वाटेत एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबायला हरकत नाही. गरम काकवी बाटलीत भरून देतात, फक्त बाटली आपली लागते.

गाव वेदगंगेच्या खोऱ्यात. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, तिच्या पलीकडे कोकण. ऊस आणि भात ही इथली पिकं, आणि तिसरं पीक शिकलेल्या पोरांचं. ते लावलं जे. पी. नाईकांनी. शेजारच्या आजरा तालुक्यात बहिरेवाडीला १९०७ साली जन्मलेले नाईक देशाला माहीत आहेत ते १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५२ साली, त्यांनी गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ उभं केलं. खेड्यातल्या पोराला शहरात पाठवायचं नाही, शिक्षणच त्याच्या खोऱ्यात आणायचं आणि तेही शेती, बांधकाम, गावगाडा यांना धरून, असा तो विचार होता. पुढे केंद्र सरकारनं ग्रामीण उच्च शिक्षणासाठी देशभरातून ज्या मोजक्या संस्था निवडल्या त्यांत ही एक होती. नावात विद्यापीठ असलं तरी आज पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची मिळते. कर्मवीर हिरे महाविद्यालय आणि सगळे ज्याला 'आयसीआरई' म्हणतात ते तंत्रनिकेतन ही दोन नावं गावात सतत कानावर पडतात. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले एक कादंबरीकार याच हिरे महाविद्यालयात मराठी शिकवत होते, हे इथले रिक्षावालेसुद्धा सांगतात.

आवार बघायचं असेल तर गेटवर कोण, कुठले, कशासाठी ते सांगा. कुणी अडवत नाही, पण न विचारता वर्गांच्या आसपास मोबाइल धरून हिंडलात तर शिपाई मामा हटकणार, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पहाट मात्र चुकवू नका. पाच-साडेपाचला बाहेर पडलो तर धुक्यातून पावलांचा आवाज आला आणि मग एकामागून एक पोरं पळत गेली. भरतीची पोरं. पोलीस, सैन्य, जे निघेल ते. पोरीही तितक्याच, केस घट्ट बांधलेल्या, मनगटावर घड्याळ, मागून कुणीतरी सायकलवरून वेळ सांगतंय. या भागात घरटी नाही तरी गल्लीत एखादा फौजी असतोच, त्यामुळे पळणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. उलट दूध घालायला निघालेले लोक कॅन बाजूला घेऊन वाट देतात. एवढीच विनंती, त्यांचे व्हिडिओ काढत उभे राहू नका. एका पोरीनं थांबून "काका, कशाला काढालाय?" असं माझ्यासमोरच एका पाहुण्याला विचारलं आणि त्याला उत्तर सुचेना.

त्यानंतर स्टँडवर जा. कडगाव, पाटगाव, डोंगराच्या पोटातल्या वाड्या, या सगळ्या बाजूंनी मुक्कामाच्या गाड्या उतरायला लागतात. रात्री शेवटच्या गावात जाऊन थांबलेली एसटी सकाळी पोरं गोळा करत खाली येते. गाडी थांबते न थांबते तोच दरवाजातून दप्तरं, डबे, टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या बाहेर पडतात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. या एका सोयीनं डोंगरातल्या किती मुली कॉलेजच्या उंबऱ्यापर्यंत आल्या असतील ते तिथे उभं राहिल्यावर दिसतं. मी एका सकाळी कडगावकडून येणाऱ्या गाडीत बसलो होतो. एका फाट्यावर गाडी थांबली, चढायला कुणीच नाही. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "थांबा ओ जरा, वरची पोरगी दिसंना अजून. आज पेपर हाय तिचा." दोन मिनिटांनी ती बांधावरून पळत आली, तोवर गाडीतल्या कुणीही घड्याळ बघितलं नाही.

संध्याकाळी भाचीला विचारलं, डिप्लोमा झाल्यावर काय? "पुण्याकडं. चाकणला आमच्या सीनियरची लई पोरं हायत मामा." तिची मैत्रीण बँकेच्या परीक्षांची तयारी करते, तिलाही गावात राहायचं नाही. नाईकांच्या मनात खोऱ्यात शिकून खोऱ्यातच काम करणारी पिढी होती. ती गाडी मुदाळ तिट्ट्यावरून पुढे निघून गेली असं म्हणता येईल. पण मला यात फसल्यासारखं काही वाटत नाही. भाचीच्या खोलीवर राहणाऱ्या चार मुलींपैकी तिघींच्या आया सातवीच्या पुढे शाळेत गेल्या नव्हत्या. एका पिढीत एवढं अंतर कापलं गेलं आणि तेही घरापासून एका एसटीच्या अंतरावर. शहरातून येऊन 'पोरं गाव सोडतात' म्हणून उसासे टाकणारा मी कोण? मी स्वतः पुण्यातच राहतो.

जेवायला खाणावळीत जा, हायवेवरच्या फॅमिली गार्डनमध्ये नको. भाचीच्या खाणावळीच्या काकी पाहुण्याला महिन्याच्या मेंबरांच्याच पंगतीत बसवतात. भाकरी, खर्डा, आमटी, एखादी उसळ, वर भात. बुधवारी आणि रविवारी मटण असेल तर तांबडा-पांढरा मागून मागून वाढतात आणि "घ्या की, लाजतायसा काय" असं दटावतात. आठनंतर भात संपतो, तेव्हा वेळेवर जा. सकाळी मिसळ. इथे ती ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, पाव मागू नका, मिळाला तरी वाढणारा नाराज होतो. कट तिखट असतो. पोटाची खात्री नसेल तर 'कमी कट' असं आधीच सांगा. चहा म्हशीच्या दुधाचा, दाट, आणि अर्धा मागितला तरी पुण्याच्या पूर्ण कपाएवढा.

राहण्याची सोय साधी आहे. स्टँडच्या आसपास लॉज आहेत, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळातच. निकालाच्या, प्रवेशाच्या आणि गॅदरिंगच्या दिवसांत पालकांनी खोल्या भरलेल्या असतात, फोन करून जा.

गावात चालता चालता क्रांतिज्योतीपाशी, म्हणजे हुतात्म्यांच्या स्मारकापाशी, थांबा. १३ डिसेंबर १९४२ ला, चलेजाव चळवळीत, गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि सात जण तिथेच हुतात्मे झाले. स्वामी आणि वारके ही दोन नावं इथे जोडीनंच घेतली जातात. दर १३ डिसेंबरला गाव इथे जमतं. त्या तारखेच्या आसपास आलात तर म्हाताऱ्या माणसांकडून आपापल्या गावच्या हुतात्म्याची गोष्ट ऐकायला मिळेल. पुस्तकात एका ओळीत असणारा प्रसंग ती माणसं अर्धा तास सांगतात, कुठल्या वाटेनं आले, कुणाच्या घरी भाकरी खाल्ली इथपर्यंत. बाकीच्या दिवसांत त्या चौकात बोलणं चालतं ते उसाच्या दराचं, भरतीच्या तारखांचं आणि कोकणात उतरणाऱ्या, वर्षानुवर्षं चर्चेत असलेल्या सोनवडे घाटाचं. घाटाचा विषय तुम्ही काढू नका, रात्र होते.

भुदरगड किल्ला गारगोटीपासून दहा-बारा किलोमीटरवर. गाडी वरपर्यंत जाते, म्हणून ट्रेकवाले नाक मुरडतात. वरती ऐसपैस पठार, भैरवनाथाचं देऊळ आणि पांढुरक्या पाण्याचा मोठा तलाव. शिलाहार राजा भोजाच्या काळापासूनचा हा किल्ला १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांशी लढला होता. आता तटाचा बराच भाग ढासळलेला आहे. दुपारनंतर कॉलेजची पोरं वह्या घेऊन येतात, वाचतात थोडं, फोटो काढतात जास्त. दोन तास पुरेत. पाणी आणि खाणं खालूनच न्या.

पाटगावला मात्र पूर्ण दिवस द्या. गारगोटीहून कडगावमार्गे तीस-पस्तीस किलोमीटर, आणि कडगाव सोडलं की मोबाइलची रेंज येते-जाते. ज्यांच्या नावानं विद्यापीठ आहे त्या मौनी महाराजांचा मठ इथे. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या भेटीला आले होते अशी इथली परंपरा सांगते. मठात शांतपणे बसता येतं, यात्रेचे दिवस सोडून. पुढे वेदगंगेवरचं धरण आणि मग जंगल. पावसाळ्यात इथे पाऊस असा कोसळतो की लोक भातलावणीशिवाय दुसरं काही ठरवत नाहीत. तुम्हीही ठरवू नका.

पाटगाव हे सरकारी योजनेतलं 'मधाचं गाव'. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर राज्यातलं दुसरं. परसात, देवळामागे, काजूच्या झाडाखाली मधपेट्या ठेवलेल्या दिसतात; त्यांत सातेरी माश्या. पेटीच्या तोंडासमोर उभे राहू नका, बाजूनं बघा, आणि अत्तर लावून जाऊ नका. उन्हाळ्यात जांभळाचा, हिरड्याचा मध येतो, तो गडद आणि किंचित कडवट असतो. थंडीत मध खाली बसून साखरेसारखा झाला तर भेसळ म्हणून भांडू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होतो. विकत घेताना कोणत्या फुलोऱ्याचा, कधी काढलेला, हे विचारा. ज्याच्या स्वतःच्या पेट्या आहेत तो थांबून सगळं सांगतो, दुसऱ्याचा आणून विकणारा लगेच भाव सांगतो.

जेवण गावात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर घरगुती मिळतं, नाचणीची भाकरी हमखास. रांगणा किल्ला इथूनच जवळ दिसतो म्हणून त्याच दिवशी उरकायला जाऊ नका. तो जंगलातला दिवस आहे, स्थानिक माणूस बरोबर हवा आणि पहाटे निघायला हवं. आणि पाटगावात उतरताच पहिलं काम, परतीची गाडी किती वाजता ते कंडक्टरलाच विचारून ठेवणं. दुपारनंतरच्या गाड्या मोजक्या, आणि शेवटची जी येते ती मुक्कामाची, म्हणजे सकाळीच परत निघणारी.

परत कोल्हापूरलाच यायचं नसेल तर गारगोटीहून पिंपळगाव, उत्तूर करत आजऱ्याला निघा. गर्दी कमी, रस्ता वळणांचा, आणि आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेता येतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. मूठभर घेऊन वास घ्या, बारीक दाणा बघा, आणि शक्यतो शेतकऱ्याच्या घरूनच घ्या. तिथून पुढे आंबोलीची गाडी मिळते.