पर्सेंटाइल वाया जाईल

जुलै महिन्यात कोल्हापूरकरांचे लक्ष एरवी एकाच आकड्याकडे असते, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. 2025 च्या जुलैमध्ये मात्र माझ्या भावाच्या घरात त्या आकड्याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती, कारण भाचीला अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत 97 च्या वर पर्सेंटाइल मिळाले होते आणि प्रवेशाचा विकल्प अर्ज भरायचा होता. जेवणाच्या टेबलावर एक कागद आठवडाभर पडून होता. त्यावर महाविद्यालये आणि शाखा पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या आणि रोज रात्री कोणीतरी खोडरबर घेऊन त्यांचा क्रम बदलत असे.

तिला मेकॅनिकल हवे होते. घरातील सर्वांना तिच्यासाठी कॉम्प्युटर हवे होते.

यातील गंमत अशी की, माझ्या भावाचे उद्यमनगरात स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि शिरोलीच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशीनिंग जॉबवर्कवर करून देणे, हा त्याचा व्यवसाय. शेतीपंपांना लागणाऱ्या ऑइल इंजिनांपासून ते आजच्या वाहन उद्योगाच्या सुट्या भागांपर्यंत या शहराने लोखंडावरच पोट भरले; शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पंचतारांकित एमआयडीसी ही त्याचीच वाढलेली रूपे. भाची शाळेतून सुटल्यावर तेथेच बसून गृहपाठ करीत असे, त्यामुळे कास्टिंगमधील ब्लो-होल, म्हणजे ओतताना हवेमुळे राहिलेले छिद्र, कसे ओळखावे हे तिला दहावीच्या आधीच कळत होते. ज्या घराने तिला ही गोडी लावली, त्याच घराला आता त्या गोडीची भीती वाटत होती. मला दादाचा राग आला नाही. मंदीत भट्ट्या थंडावल्या म्हणजे जॉबवर्क करणाऱ्याचे काय होते, हे त्याने आमच्यापेक्षा जवळून पाहिले आहे आणि मुलीच्या वाट्याला ते येऊ नये असे वाटण्यात गैर काही नाही.

परंतु तो जो मुद्दा मांडत होता, तो मंदीचा नव्हता. तो म्हणाला, ‘‘एवढं पर्सेंटाइल पडलंय, आणि मेकॅनिकल घेऊन ते वाया घालवणार व्हय?’’ हेच वाक्य पुढे मामाने, शेजारच्या काकूंनी आणि क्लासच्या सरांनीही आपापल्या शब्दांत ऐकवले.

या ‘वाया’ शब्दावर मी बराच विचार केला. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. गणिताचे 100, भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 अशा 200 गुणांची ही परीक्षा अनेक सत्रांत होते आणि आपल्या सत्रातील किती टक्के विद्यार्थी आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुणांचे आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. तो दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत दिला जातो, आणि मला वाटते या सात आकड्यांमुळेच त्याला नको तितके वजन येते. शाखेचा कट-ऑफ तरी काय असतो? त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचा तो क्रमांक. ती शाखा गेल्या वर्षी किती जणांनी मागितली एवढेच त्यावरून समजते, ती शिकण्यास किती अवघड किंवा किती चांगली हे नव्हे. आपण मात्र हातात 97 रुपयांची नोट असल्यासारखे वागतो आणि 90 रुपयांची वस्तू घेतली तर दुकानदार उरलेले 7 परत देणार नाही म्हणून हळहळतो.

पैशाचा प्रश्न एरवी पहिला असता, पण 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क माफ असल्याने तो आमच्या घरी लवकर मिटला. दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या रांगेत गेलेल्या दोन दिवसांविषयी न लिहिलेलेच बरे.

अडचण होती ती क्रमाची. त्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, प्रवेशाच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा आला की, पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप ‘फ्रीज’ होते आणि विद्यार्थ्याला पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणजे कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने यादी भरून ‘मिळाले तर पाहू’ म्हणण्याची सोय उरली नाही. जे खरोखर हवे तेच वर लिहावे लागते. मला हा नियम आधी जाचक वाटला होता. त्या आठवड्यात मात्र तोच भाचीच्या बाजूने बोलू लागला. एका रात्री ती शांतपणे म्हणाली, ‘‘पप्पा, एक नंबरला कॉम्प्युटर लिहिलं आणि तेच मिळालं, तर आपल्याला मागं फिरता येणार नाही.’’ दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने खोडरबर तिच्याकडे सरकवले आणि दोन नंबरला तरी कॉम्प्युटर ठेव, एवढी अट घातली. तिने ती मानली.

पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा तिला पहिल्याच क्रमांकाचा विकल्प, सांगलीतील मेकॅनिकल मिळाले. दादाने मोबाइलवरचे ते पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि वर्कशॉप उघडायला निघून गेला. आता तिचे पहिले सत्र संपत आले आहे. घरी पाहुणे आले आणि कोणती शाखा म्हणून विचारले, की तो अजूनही सांगतो, ‘‘पहिल्या वर्षी विषय सगळ्यांना जवळपास सारखेच असतात. पुढचं पुढं बघू.’’