व्हर्जिन नदीकाठी आरव्हीचा मुक्काम: झायनला जाणाऱ्यांसाठी

युटामधल्या झायन नॅशनल पार्कला आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन जायचं ठरलं की बहुतेक जण आधी ती लावायची साइट शोधतात. आम्ही म्हणू, आधी रस्ता बघा. ब्राइस कॅन्यनकडून येताना फोनवरचा नकाशा सरळ पूर्वेच्या दाराने, झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून आणतो. 1930 साली खुला झालेला हा 1.1 मैलांचा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाने कोरलेला आहे. गाडी 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद असली की तिला दुहेरी वाहतुकीत जागा पुरत नाही. पूर्वी 15 डॉलर भरले की रेंजर समोरची वाहतूक थांबवून अशी गाडी मधून सोडायचे. 7 जून 2026 पासून ती सोय बंद, मोठ्या गाड्यांना त्या रस्त्यावर मज्जाव. भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोम बहुतेक 8 फूट रुंद असतात, म्हणजे त्या यात आल्याच.

तेव्हा कनॅबहून फ्रेडोनिया, तिथून अॅरिझोनाचा 389 आणि पुढे युटाचा 59 धरून हरिकेनला उतरा. हरिकेनच्या आधीचा उतार तीव्र आहे, तिथे ब्रेकवर पाय ठेवून न बसता गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. लास व्हेगासहून येणाऱ्यांना ही कटकट नाही. आय-15 वरून 16 नंबरच्या एक्झिटला बाहेर पडायचं आणि 9 नंबरच्या रस्त्याने थेट पार्कच्या दारातलं स्प्रिंगडेल गाव.

मुक्कामाला दोन पर्याय. पार्कच्या आतलं वॉचमन कॅम्पग्राउंड सहा महिने आधी ऑनलाइन उघडतं आणि लगेच भरतं. तिथल्या काही साइटवर वीज आहे, पण साइटवर पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नाही, आणि जनरेटर लावू देत नाहीत. दुसरा पर्याय स्प्रिंगडेल गावातले खाजगी आरव्ही पार्क, वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही असलेले. घरातली वडीलधारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही डोळे झाकून दुसरा पर्याय घेऊ. उन्हाळ्यात इथे पारा 100 अंश फॅरेनहाइटच्या वर जातो आणि एसीशिवाय दुपार काढणं कठीण होतं. नदीला लागून असलेल्या साइट महाग असतात, पण कॉटनवुडच्या झाडांची सावली मिळते. मात्र त्याच सावलीने छतावरचं सोलर आणि सॅटेलाइट इंटरनेट दोन्ही लंगडं पडतं. शिवाय वसंत सरता सरता या झाडांचा कापूस उडतो आणि एसीच्या जाळीवर पांढरी गादीच साचते. हवा कमी यायला लागली की आधी फिल्टर काढून धुवा, मग बाहेरची जाळी मऊ ब्रशने झाडा.

साइटवर पोचल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी गाडी समतल करा. गॅसवर चालणारा फ्रिज तिरपा राहिला तर आतला द्रव नीट फिरत नाही आणि फ्रिज थंड होत नाही. मग साइटच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करून सर्ज प्रोटेक्टर लावा आणि ब्रेकर चालू करा. त्याने तारा बरोबर असल्याचं दाखवलं तरच ब्रेकर पुन्हा बंद करून केबल जोडा आणि मग चालू करा. तापलेल्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेज खाली येतं. 105 व्होल्टच्या खाली गेलं तर एसी बंद ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर जळतो. पाण्याच्या नळावर आधी प्रेशर रेग्युलेटर, मगच पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप. आरव्ही पार्कमधला पाण्याचा दाब काही ठिकाणी इतका असतो की गाडीतले प्लॅस्टिकचे जोड सुटतात. गीझरची टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत त्याचं विजेचं बटण दाबू नका. कोरड्या टाकीत हीटिंग कॉइल मिनिटभरात जळते.

30 अँपची साइट म्हणजे 120 व्होल्टला 3600 वॉट. एसी 13 ते 15 अँप खातो, इंडक्शनची शेगडी पूर्ण आचेवर 15. दोन्ही मिळूनच काठावर, त्यात विजेवरचा गीझर किंवा मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. म्हणून एसी चालू असताना स्वयंपाक आणि गीझर गॅसवर. भारतातून आणलेला मिक्सर इथे कामाचा नाही. तो 230 व्होल्टचा, 120 वर मोटर रडतखडत फिरते आणि तापते. वाटण घरीच करून फ्रीझरमध्ये टाका. फोडणी देताना छतावरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवा. स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढणारे लोक असतात, ते मात्र अजिबात करू नका, एवढ्याशा डब्यात गॅस आणि झोप एकत्र असते. तळण बाहेरच्या टेबलावर, पोर्टेबल शेगडीवर करा. आणि तेलकट ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तूप-तेल ग्रे टँकमध्ये, म्हणजे सिंकचं पाणी साठणाऱ्या टाकीत, थिजलं की भिंतींना चिकटतं, सेन्सर कायम 'भरली' दाखवतो आणि वास सिंकमधून वर येतो.

ब्लॅक टँकचा, म्हणजे शौचालयाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह सांडपाण्याच्या पाइपला जोडून उघडा ठेवायचा मोह होतो. पाणी निघून जातं आणि घट्ट ते मागे राहून ढीग बनतो, मग तो फोडायला माणूस बोलवावा लागतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घालून सोडा आणि त्यानंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. शौचाला पाणी वापरण्याची आपली सवय इथे फायद्याची आहे, टाकीत जितकं पाणी जास्त तितकी ती स्वच्छ रिकामी होते.

आता नदी. व्हर्जिन नदी दिसायला घोट्याएवढी, पण जुलै ते सप्टेंबरच्या पावसाळी दिवसांत वरच्या अंगाला मैलोन्‌मैल दूर पाऊस पडला तरी खालच्या घळीत अचानक लोंढा येतो, डोक्यावर आकाश निळं असतानाही. राष्ट्रीय हवामान सेवा रोज पूरशक्यतेचा अंदाज देते, 'शक्य' किंवा त्यापुढचा शब्द दिसला तर नॅरोज या नदीच्या अरुंद घळीत पाय टाकू नका. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा घळीतून गडगडाट ऐकू आला तर सामान गोळा करत बसू नका, उंचावर चढा. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांवर गेला की पार्क नॅरोज बंदच करतं. बर्फ वितळण्याच्या वसंतात हे नेहमीचं. दुसरी गोष्ट दगडांवरच्या शेवाळासारख्या थरांची. 2020 पासून या पाण्यात विषारी सायनोबॅक्टेरिया सापडतात. उकळून किंवा कॅम्पिंगच्या फिल्टरने हे विष जात नाही. पाय बुडवा, पण डोकं बुडवू नका, मुलांना पाणी तोंडात घेऊ देऊ नका आणि कुत्र्याला नदीपासून लांब ठेवा.

एकदा लावलेली आरव्ही हलवायची गरज नाही, हेच या मुक्कामाचं खरं सुख. साधारण मार्च ते नोव्हेंबर पार्कमधला सीनिक ड्राइव्ह हा रस्ता खाजगी गाड्यांना बंद असतो, स्प्रिंगडेलची आणि पार्कची अशा दोन्ही शटल मोफत. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चढतानाच फलकावरून टिपून घ्या. ती चुकली तर चालावं लागेल, आणि टेंपल ऑफ सिनावावा या शेवटच्या थांब्याहून व्हिजिटर सेंटर सुमारे 8 मैल आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी आणखी एक हिशेब धरा. 2026 पासून झायनसह 11 पार्कांत, वार्षिक पास नसेल तर 16 वर्षं किंवा त्याहून मोठ्या अनिवासी, म्हणजे अमेरिकेत न राहणाऱ्या, पाहुण्याला नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी 100 डॉलर जास्त पडतात. अनिवासींचा वार्षिक पास 250 डॉलरचा आहे. दोघं असतील आणि ब्राइस, ग्रँड कॅन्यनही करायचे असतील तर तोच घ्या.

हिवाळ्यात गेलात तर रात्री पाण्याचा पाइप नळावरून काढून रिकामा करून ठेवा आणि टाकीतलं पाणी पंपाने वापरा, कारण पहाटे पाइप गोठतो. निघताना पाइप, केबल, पायरी, छतावरचा व्हेंट आणि गाडीचा बाहेर सरकणारा भाग (स्लाइड-आउट), प्रत्येकाला हात लावून बघा. त्यानंतरच गाडी सुरू करा.