ब्लू पॉटरीची नोंद: या खेपेला भट्टीआधी कुंचला

मंडळी, या वेळची नोंद आकारापेक्षा रेघेबद्दल जास्त आहे. जयपुरी ब्लू पॉटरीचा, म्हणजे निळ्या-फिरोजी नक्षीच्या झिलईदार भांड्यांचा, नाद लागल्यापासून माझा सगळा वेळ मिश्रण, साचे आणि भट्टीतच जायचा. गेले काही महिने मात्र मी नेमाने बसून नुसता कुंचला चालवतेय. त्याला कारण कृपालसिंह शेखावत.

आपल्यापैकी बरेच जण त्यांना ब्लू पॉटरीचे पुनरुज्जीवन करणारे म्हणून ओळखतात, पण ते मुळात चित्रकार होते. जन्म १९२२ चा, राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातला. म्हणजे रंगवलेल्या हवेल्यांचा शेखावाटी हाच त्यांचा मुलूख. शिक्षण शांतिनिकेतनात, पुढे जपानमध्येही. शांतिनिकेतनातले चित्रकार नंदलाल बोस यांच्या चमूने राज्यघटनेची मूळ प्रत सजवली त्यात त्यांचा हात होता, आणि दिल्लीच्या गांधी स्मृतीतली, म्हणजे पूर्वीच्या बिर्ला हाऊसमधली भित्तिचित्रंही त्यांचीच. जयपूरमध्ये ब्लू पॉटरी महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात रुजली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपली. हस्तकलांसाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी तिच्यासाठी खटपट केली आणि ती धुरा कृपालसिंहांनी उचलली, तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. सवाई रामसिंह शिल्प कला मंदिरात त्यांनी कित्येक कारागीर घडवले. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये ते गेले.

कुंभारकामात ते आले तेव्हा त्यांच्या हाताशी वीसेक वर्षांची रेघ तयार होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या थाळ्यांची छायाचित्रं मोठी करून बघा. वेल कडेपासून निघते, जाड होते, पानाशी बारीक होते, आणि कुठेही अडखळत नाही. निळ्या-फिरोजीच्या पलीकडे पिवळा, हिरवा, तपकिरी असे रंगही त्यांनी वाढवले. पण रंग कितीही आले तरी थाळी तोलून धरते ती रेघच.

आता सामग्रीकडे. नव्याने आलेल्यांसाठी सांगते, या भांड्यात आपली नेहमीची कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, सज्जीखार आणि कतिरा डिंक. पारंपरिक प्रमाणात ४० किलो गारगोटीला ५ किलो काच आणि बाकीचे घटक अर्धा-अर्धा किलो, यावरून अंदाज घ्या. या गोळ्याला चिवटपणा जवळजवळ नाही, त्यामुळे चाकावर उभा राहत नाही. पोळीसारखा लाटायचा, प्लास्टरच्या साच्यात बसवायचा आणि आकार ढासळू नये म्हणून आत चाळलेली राख दाबून भरायची. उघड्या थाळीला हे सोपं जातं. फुलदाणीची मान आणि बैठक मात्र वेगळी करून जोडावी लागते. मी अजून थाळ्या आणि टाइल्सवरच आहे आणि इतक्यात पुढे जायची घाई नाही.

वाळलेल्या थाळीवर गारगोटी, काच आणि मैद्याची खळ यांचं पांढरं अस्तर चढतं. ते वाळलं की बारीक पॉलिशपेपरने घासायचं. हात फिरवला की खडूसारखं लागतं. इथे कुंचल्याची खरी परीक्षा. हा पृष्ठभाग टेकताक्षणी पाणी पिऊन टाकतो. रेघ मध्ये थांबली की तिथे ठिपका, दुसरा हात मारला की तिथे काळपट गाठ, आणि पुसायला गेलं की अस्तरच उखडतं. खारीच्या केसांचा लांब कुंचला घ्यायचा, कोबाल्ट ऑक्साइड डिंकाच्या पाण्यात खलायचं आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची. कडेच्या पट्ट्यांसाठी थाळी फिरत्या पाटावर ठेवून हात स्थिर धरते आणि पाट फिरवते. सरावासाठी टाकाऊ टाइल्सवर हेच अस्तर लावून घेतलंय. कागदावर सराव करून उपयोग नाही, कागद इतक्या वेगाने पाणी ओढत नाही.

दुसरी गंमत म्हणजे रंगवताना निळं काहीच दिसत नाही. कोबाल्ट राखाडी-काळं दिसतं, तांब्याचं ऑक्साइडही काळंच. म्हणजे थाळी डोक्यात रंगवायची. कोबाल्ट भारी जोरकस, जरा जाड गेलं की निळ्याऐवजी काळं उतरतं. त्यामुळे मी पातळ, मध्यम, जाड अशा तीन छटांचा नमुना प्रत्येक भट्टीत ठेवते.

तांब्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तांबं एकच, पण झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, शिसं असेल तर ते हिरव्याकडे झुकतं आणि सोड्यासारखे क्षार भरपूर असतील तर फिरोजी होतं. पूर्वीच्या झिलईत शिशाचा वापर असे. मी पूर्णपणे शिसेविरहित, तयार फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) वापरते, घरात लहान मुलं आहेत. त्यामुळे माझी पानं हिरवी न होता फिरोजी येतात, आणि खरं सांगायचं तर मला तीच हवी आहेत. तरी या थाळ्या भिंतीसाठीच, जेवणासाठी नाहीत.

भाजणं एकदाच, साधारण ८०० ते ८५० अंशांत. बिस्किट, म्हणजे झिलईआधीचं पहिलं भाजणं, वेगळं नाही, म्हणजे कच्च्या अंगावरच चित्र आणि झिलई दोन्ही. हीच झिलई साध्या मातीच्या भांड्यावर लावाल तर तिला केसासारख्या भेगा पडतात, कारण क्षारयुक्त काच थंड होताना खूप आकसते. गारगोटीचं अंगही तितकंच आकसतं, म्हणून दोघांचं जमतं. पण गारगोटी ५७३ अंशांजवळ एकदम आकारमान बदलते, तिथे घाई झाली की थाळीच तडकते. विजेच्या भट्टीत तापमान उतरताना ६५० ते ५०० हा टप्पा मी मुद्दाम सावकाश ठेवला आणि बाहेरचं तापमान गाठेपर्यंत दार उघडलं नाही. या भट्टीतल्या सगळ्या थाळ्या शाबूत निघाल्या.

मुंबईकरांसाठी एक शिफारस: भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची जुनी भांडी आहेत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली याच शाळेत, म्हणजे आपल्या जे. जे. मध्ये ती घडली, सिंधच्या कुंभारकामाचा वारसा आणि अजिंठ्याच्या आकृती घेऊन. तिथेही चित्रशाळेतूनच भांडं रंगलं. थाळीच्या गोलात माणसाची आकृती कशी बसवायची हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. माझ्या पुढच्या थाळीवर वेलीत बसलेला मोर आहे, मान वळवलेला. खडूने त्याची जागा आखून ठेवली आहे.

पिवळ्याचं मात्र अडलंय. कॅडमियम विषारी, ते मला घरात आणायचं नाही. शिसेविरहित झिलईखाली ८३० अंशांच्या आसपास टिकणारा, बाजारात मिळणारा पिवळा स्टेन (तयार रंगद्रव्य) कोणी वापरलाय का? व्हॅनेडियमचा किंवा प्रासिओडिमियमचा अनुभव असेल तर झिलईची जाडी आणि भट्टीचा वेग दोन्ही कळवा. मोराची तुरेवाली मान त्यावर अडून आहे.