१४ ग्रॅम

ओतकामाच्या दिवशी बाहेरचं माणूस फाउंड्रीत नको, हा माझा जुना नियम. वितळलेलं ब्राँझ ११०० अंश सेल्सियसच्या पुढे असतं. साच्यात जराशी ओल राहिली किंवा मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गार, दमट तुकडा पडला, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. अशा वेळी "जरा मागे सरकता का" असं गोड बोलायला सवड नसते. त्या दिवशी मात्र भट्टीपासून वीस पावलांवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्यामागे चाळीसेक माणसं उभी होती, आणि ती मीच बोलावलेली होती.

काम होतं शहीद सैनिकांच्या स्मारकाचं. एकूण २३ नावं. पैसा लोकांनी वर्गणीतून उभा केलेला, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. समितीला आधी बंदूक रोखून उभा असलेला जवान हवा होता. मी बसलेला केला, वाकून बुटाच्या नाडीला हात घातलेला. नाडी बांधतोय की सोडतोय, निघालाय की परत आलाय, ते बघणाऱ्यानं ठरवावं. यावर चार महिने बैठका झाल्या, त्यांचं वर्णन टाळते.

मातीचं मॉडेल बघायला तीन निवृत्त सैनिक आले तेव्हा त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघंही थेट बुटांपाशी उकिडवे बसले. "या बुटाची नाडी बांधून झालीये ना? मग टोक बाहेर कसं लोंबतंय? आत खोचतात ते." मी त्यांच्यासमोरच खोचलं. टाचाही फार नव्या दिसतात म्हणाले, मग बाहेरच्या कडेनं झिजवल्या.

चेहऱ्याचा प्रश्न घरच्या लोकांनी काढला. कुणासारखा करणार? २३ घरं, २३ चेहरे. केथे कोल्विट्झ या जर्मन शिल्पकर्तीचा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला, अठरा वर्षांचा होता. तिनं त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं. सुरुवातीच्या कल्पनेत मुलगा होता. १९३२ साली दफनभूमीत जे उभं राहिलं त्यात मुलगा नाही, फक्त गुडघे टेकलेले आई-बाप आहेत. सख्ख्या आईला जे जमलं नाही किंवा करावंसं वाटलं नाही, ते मी २३ जणांसाठी कुठून करणार? मी त्याची मान इतकी वाकवली, की चेहरा बघायचा तर समोर जमिनीवर बसावं लागतं. पळवाट म्हणा हवं तर.

धातू गोळा करायची कल्पनाही माझीच. घरोघरी पत्रक गेलं: 'आपल्या माणसाची एखादी लहान धातूची वस्तू द्या. ती वितळवून शिल्पात मिसळू. ती कायमची शिल्पात राहील.' वाक्य लिहिताना मला फार छान वाटलं होतं.

ओतकामाच्या सकाळी टेबलावर मी चुंबक, कानस आणि पत्रा कापायची कात्री घेऊन बसले. सगळाच धातू ब्राँझमध्ये चालत नाही. पोलाद त्या तापमानाला वितळतच नाही. ॲल्युमिनियम वितळतं, पण अगदी थोडंसं गेलं तरी ओतकाम बिघडवतं. पितळी दिसणारी कितीतरी बटणं आतून लोखंडी, वर नुसता मुलामा. ती चुंबकाला टपकन चिकटतात आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा पडतो. काही स्टेनलेस स्टील तर चुंबकालाही चिकटत नाही, ते कानशीनं आणि वजनानं ओळखायचं. एका बाईंनी नवऱ्याची ओळखपट्टी आणली होती, ती नेमकी तशीच निघाली. मी समजावून सांगितलं. त्यांनी ती पुन्हा गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "बरं झालं. रात्रभर झोप नव्हती."

कात्री बटणांसाठी. गणवेशाचं पितळी बटण बहुतेक वेळा दोन वाट्या जोडून केलेलं असतं, आतून पोकळ. तसंच मुशीत टाकलं तर आतली हवा आणि ओल फसफसून धातू उडवते. म्हणून प्रत्येक बटण मधोमध कापायचं. एका आजींनी चार बटणं माझ्या हातावर ठेवली. पहिलं कात्रीत धरलं तेव्हा लक्षात आलं, मागच्या कडीत दोरा अजून तसाच होता, खाकी, दुहेरी, गाठ मारलेला. "मीच लावलं होतं," त्या म्हणाल्या. "सुटीवर आला की आधी बटणं बघायचे." मी थांबले. त्यांनीच बोटांनी दोरा ओढून काढला, मुठीत घेतला आणि म्हणाल्या, "काप आता."

बकलवाले काका रांगेत शेवटी होते. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. धाकट्या मुलाच्या पट्ट्याचं पितळी बकल रुमालात गुंडाळून आणलेलं. चुंबक त्यांनी घरीच लावून पाहिला होता. "४२ ग्रॅम आहे. लिहून घे."

सगळ्यांचं मिळून दोन किलोही भरलं नाही. ते भट्टीच्या कडेला तापवून कोरडं केलं आणि नव्या ब्राँझबरोबर ६० किलोची मूस केली. डोकं, दोन्ही हात आणि दोन्ही बूट एवढंच त्या दिवशी ओतायचं होतं. बाकीचं अंग आधीच ओतून झालेलं. हातपाय-डोक्यात सगळ्यांच्या वस्तू याव्यात, हा हिशेब.

पितळ शेवटी टाकलं. त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे मुशीतून पांढरा धूर उठला आणि त्याचे कापसासारखे पुंजके छताकडे गेले. पट्ट्यामागे कुणीतरी हात जोडले. मी ओरडून मास्क सारखा करायला सांगत होते. हा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो. मग तरंगणारा कचरा काढला, पायरोमीटर बुडवून तापमान बघितलं, मूस उचलली. भट्टीतून काढलेले साचे अजून लाल होते. ओतताना बोलायचं नसतं, धार तुटू द्यायची नसते. धातू वरच्या पेल्यातून आत जातो आणि पलीकडच्या नळ्यांतून वर डोकावतो, तेव्हा साचा भरला म्हणायचं. पाचही भरले. दोन मिनिटांचंही काम नाही. लोक आणखी काही होईल म्हणून तसेच उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत पांगापांग झाली. काका थांबले. सिरॅमिकचा साचा हातोडीनं फोडायला घेतला तसे ते जवळ आले. साचा फुटला की सुंदर मूर्ती बाहेर येते असं लोकांना वाटतं. बाहेर येतं ते झाड: मधे जाड खोड, त्याला फांद्या, आणि फांदीच्या टोकाला हात किंवा बूट. ज्या वाटांनी धातू आत गेला आणि हवा बाहेर आली, त्या सगळ्या वाटाही ब्राँझच्याच होऊन बसतात. त्या ग्राइंडरनं कापायच्या असतात. मी पहिली फांदी कापली. खणकन खाली पडली.

"हे कुठे जातं?" काकांनी विचारलं.

"रनर आहे तो. तो मूर्तीचा भाग नसतो."

"ते मला कळतं गं. लेथवाला आहे मी. जातं कुठे?"

खरं उत्तर असं होतं, की ते पुढच्या कामाच्या मुशीत जातं. प्रत्येक फाउंड्रीत असंच चालतं, धातू कुणी फेकत नाही. आणि माझं पुढचं काम होतं एका बागेच्या कारंज्यासाठी सहा बेडूक.

मी बेडकांचं बोलले नाही. पण गप्प बसले, तेवढं त्यांना पुरलं. खडूनं फरशीवर त्यांनी गणित मांडलं. "६० किलोतलं मूर्तीत किती?"

"चाळीसेक."

"म्हणजे ४२ मधले २८ ग्रॅम मूर्तीत. १४ बाहेर." मग छताकडे बघितलं. "धुरातलं वेगळं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खडू खिशात ठेवला. माझ्या पत्रकात होतं 'कायमची शिल्पात राहील'. लिहिताना मला रनर माहीत नव्हते असं थोडंच होतं? वीस वर्षं कापतेय.

धातू कुठला, याला माणसं किती किंमत देतात ते मला माहीत होतं खरं तर. ब्रिटिशांचं व्हिक्टोरिया क्रॉस पदक सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांच्या ब्राँझचं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पुढे धातूची तपासणी झाली, तर कित्येक पदकांचा धातू चिनी तोफांशी जुळणारा निघाला. पदकाचं मोल त्यानं कमी झालं नाही, पण संशोधक अजून त्या धातूचा माग काढतात.

त्या रात्री मी कापलेला तुकडा न् तुकडा वेगळ्या पेटीत भरला. जवळजवळ वीस किलो. सकाळी समितीला कळवलं की नावांची पाटी ग्रॅनाइटची करायची नाही, ब्राँझच्या २३ पट्ट्या करायच्या, याच धातूच्या. पट्ट्या म्हटल्यावर क्रमाचा वाद पुन्हा उकरला गेला. दोघं-तिघं हुद्द्यानुसार क्रमावर अडून बसले होते. पहिल्या महायुद्धाच्या कबरींबाबत फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ च्या अहवालात सगळ्यांना सारखीच वागणूक, अधिकारी-शिपाई भेद नाही, असा आग्रह धरला होता. तो दाखला मी दिला. कितपत पटला देव जाणे. शेवटी धातूच सगळ्यांचा एकत्र झालाय, त्यात अधिकारी वेगळा कसा काढणार, असं एका निवृत्त सैनिकानं विचारलं आणि विषय मिटला. नावं आडनावाच्या अकारविल्हे लागली.

पट्ट्या ओतल्या. अर्थातच पट्ट्यांनाही रनर आले. साडेपाच किलो. ते काका मोजायला हजरच. त्यातून मूर्ती पायाला पक्की करायचे खालचे चार ठोकळे ओतले. त्यांचेही रनर. असं करत शेवटी मुठीएवढा, दीड किलोचा गोळा उरला.

"लेथवर काही करून देऊ का याचं?" काका म्हणाले आणि स्वतःच हसले. "छे. किस पडेल."

मूर्ती आतून पोकळ असते. भिंत जेमतेम पाच मिलिमीटरची. पायावर बसवायच्या आदल्या दिवशी ती आडवी ठेवली होती, तेव्हा गोळा आत सरकवून वेल्डिंगचे दोन टाके मारले. काकांनी तोवर झाडू हातात घेतला होता. ग्राइंडरखालची, टेबलाखालची, दारामागची सोनेरी-तपकिरी धूळ त्यांनी कागदावर गोळा केली. त्यात सिरॅमिकची पूड होती, चाकाची रेती होती आणि महिनाभराची नुसती मातीही असणार. मी काही बोलले नाही. पुडी बांधून त्यांनी हात लांब करून गोळ्याशेजारी सारली.

मग माझ्याकडे वळून एप्रनच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"तो झटक इथेच."