व्हिटबीच्या १९९ पायऱ्या आणि मीनाची सेफ्टी पिन

मागच्या शनिवारी लीड्सहून बसने व्हिटबीला, इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाला, गेले होते. रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाची कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात इथे येऊन राहिला, ड्रॅक्युला हे नाव त्याला इथल्याच लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं आणि १८९७ मधे कादंबरी आली. स्टोकर इथे येण्याच्या पाच वर्षं आधी, १८८५ ला, दिमित्री नावाचं रशियन जहाज खरंच इथल्या वाळूवर येऊन लागलं होतं, कादंबरीत त्याचंच ड्रॅक्युलाला घेऊन येणारं डिमीटर झालं.

पण मला बघायचा होता तो कादंबरीतला १०-११ ऑगस्टच्या रात्रीचा प्रसंग. नायिका मीनाला मध्यरात्री जाग येते तर तिची मैत्रीण लूसी बेडवर नाही, झोपेत चालायची सवय असते तिला. मीना शाल घेऊन धावत वेस्ट क्लिफवर येते, समोर बंदराच्या पलीकडे ईस्ट क्लिफवर चर्च, तिथे दोघींचा आवडता बाक. ढगांतून चंद्र बाहेर येतो आणि बाकावर पांढरं काहीतरी दिसतं, त्याच्यावर वाकलेलं काळं काहीतरी, आणि लगेच परत ढग येतो.

तिथे उभं राहिल्यावर कळलं की समोरचं चर्च अगदी हाताशी वाटतं पण मधे नदी आहे. खाली उतरा, धक्क्यावरून पुलापर्यंत जा, पूल ओलांडा, मग १९९ पायऱ्या चढा. मला भर दिवसा वीस मिनिटं लागली आणि वर पोचेपर्यंत पाय भरून आले होते. मला वाटतं खरी भीती या वीस मिनिटांत आहे, लाल डोळे नंतर दिसतात ते तितके नाही. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉल चालू असताना आई किचनमधे घसरून पडली, मला इथून सगळं दिसत होतं आणि शेजारच्या काकू येईपर्यंत मी नुसती आई आई करत होते, त्यामुळे असेल, पण मीना खालून वर "लूसी! लूसी!" ओरडते ते वाचणं मला सोसत नाही.

ती पोचते तेव्हा लूसी एकटीच असते, झोपेत, धापा टाकत. मीना तिला शाल गुंडाळते, गळ्यापाशी मोठी सेफ्टी पिन लावते, स्वतःचे बूट तिच्या पायात घालते. आणि वाटेत एका डबक्याशी थांबून आपल्या अनवाणी पायांना चिखल फासते, का तर कोणी भेटलंच तर पाय उघडे आहेत हे कळू नये! एवढ्या रात्री, एवढं बघून आल्यावरही लोक काय म्हणतील ही धास्ती तिला सुटत नाही, लूसीच्या आईलाही सांगायचं नाही असं ठरतं. स्टोकर मला इथे फार मोठा लेखक वाटतो.

सकाळी लूसीच्या गळ्यावर दोन लाल टिपके दिसतात आणि मीनाला वाटतं, माझीच पिन टोचली. चक्क माफी मागते लूसीची. ऊब मिळावी म्हणून लावलेली पिन, तिच्यामागे ड्रॅक्युला लपून जातो आणि दोष मीना स्वतःवर घेते.

त्या रात्री ती खोलीचं दार लावून किल्ली स्वतःच्या मनगटाला बांधून झोपते. लूसी बाहेर जाऊ नये एवढीच तिची काळजी, बाहेरून कोणी आत येईल हे तिच्या मनातही येत नाही.