अंदमानला स्कुबा: सहा फोन आणि एक नकार

सहाव्या फोनवर पहिल्यांदा समोरच्या माणसानं मला प्रश्न विचारले. आधीचे पाच जण नुसते रेट सांगत होते, कुणी साडेतीन हजार, कुणी साडेचार, बोटीनं जायचं असलं तर साडेसहा, फोटो-व्हिडिओ फ्री, "स्विमिंग नही आता तो भी चलेगा मॅडम, टेन्शन मत लो", आणि लगेच व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड. हा सहावा म्हणला, कितने लोग हो, उम्र क्या है, किसी को अस्थमा, बीपी, कान का ऑपरेशन, और वापसी की फ्लाइट कब की है. मी स्वयंपाकघरात उभी होते, वरणाला उकळी आली होती, गॅस बंद केला आणि पोरीची वही घेऊन तिथंच बसले.

आम्ही लातूरचे, मागच्या फेब्रुवारीत तिघं अंदमानला जाऊन आलो, हैदराबादपर्यंत बसनं आणि तिथून विमानानं. आल्यापासून ऑफिसात, नात्यात जो तो विचारतोय की स्कुबा (पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जाणं) कुणाकडं केलं, नंबर द्या. नंबर देते, पण नंबरापेक्षा तो कसा निवडला ते सांगायचंय, कारण याच्या आधी एकदा न बघता केलं होतं आणि ते कानावर निभावलं.

कोकणातली गोष्ट, पाच वर्षं झाली. किनाऱ्यावर एकानं हाक मारली, भाव केला, बोटीत बसलो. आठ जण होतो. आधीच्या माणसानं काढलेला मास्क तसाच ओला माझ्या तोंडावर चढवला, तीन मिनिटांत ट्रेनिंग संपलं, फॉर्म वगैरे काही नाही. पाण्यात गेल्यावर त्यानं मागून सिलिंडरला धरलं आणि सरळ खाली दाबत नेलं. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली गेलो नसू तर कानात कुणी सुई खुपसल्यासारखं झालं. मी कानाकडं बोट दाखवलं, त्यानं कॅमेरा दाखवला. वर चला हे पाण्यात कसं सांगायचं तेच शिकवलं नव्हतं मला. आता माहितीय की अंगठा वर म्हणजे 'वर जायचं', आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. आपण गडबडीत चांगलंय म्हणून अंगठा दाखवतो आणि तिथं त्याचा अर्थ वेगळा होतो, एवढी साधी गोष्ट सांगितली नव्हती. वर आले तर मास्कमध्ये नाकातनं आलेलं रक्त. लातूरला आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याला बारीक भोक पडलंय, दीड महिना कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. आणि वाईट याचं वाटतं की बोटीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मोबाइल पुढं केला म्हणून मी पाच स्टार देऊन बसले होते. तेव्हापासून मी रिव्ह्यूवर जात नाही. पहिल्यांदा पाण्यात गेलेल्या माणसाला मासे दिसले की तो खुश असतो, सामान नीट होतं का, शिकवलं नीट का, हे त्याला कसं कळणार.

कान दुखणं माझ्यासाठी नवीन नव्हतं खरंतर. माहेरी शेतातल्या विहिरीत आम्ही सगळी भावंडं पाठीला डबा बांधून पव्हायला शिकलो, आणि डबा सुटला की पुढची शर्यत असायची तळाची माती आणून दाखवायची. खोल गेलं की कान ठणकायचे. अण्णा काठावर बसलेले असायचे, एकच सांगायचे, "कान दुखला की वर यायचं पोरी, पाण्याशी जिद्द नाही करायची." दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे 10 मीटरवर तो वरच्या दुप्पट, आणि त्यातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरातच जाणवतो. नाक धरून हळूच फुंकर मारली की कानातला दाब सारखा होतो, पण ती दुखायच्या आधी मारायची, दुखल्यावर नाही. चांगला इन्स्ट्रक्टर तुमच्या कानासाठी थांबतो. याच्यापुढं मला बाकीच्या गोष्टी दुय्यम वाटतात.

तर वही. पहिलं विचारलं, एका इन्स्ट्रक्टरमागं किती जण? पॅडी (PADI) ही स्कुबा शिकवणारी जगभरची संस्था, तिच्या नियमात नवशिक्यांसाठी चारपर्यंत चालतात, पण मला माझ्या पोरीबरोबर एक माणूस पाहिजे होता, फक्त तिच्यासाठी. तिथं बरेच जण एकास एक देतात, विचारलं पाहिजे एवढंच. दुसरं, नेणारा इन्स्ट्रक्टर आहे का डाइव्हमास्टर? हे दोन वेगळे आहेत, डाइव्हमास्टर आधी शिकलेल्यांना पाण्यात फिरवतो, इन्स्ट्रक्टर नव्यांना शिकवतो. ज्यानं आधी कधी केलं नाही त्याला समुद्रात पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरनं न्यायचं असतं. आधीच्या पाचातल्या एकानं मला सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता, झूम करून वाचलं तर डाइव्हमास्टर. सहाव्यानं स्वतःहून नंबर दिला, पॅडीच्या साइटवर टाकून बघितला तर स्टेटस चालू होतं. एसएसआय नावाची दुसरी संस्था आहे, तीपण चालते, पण कार्ड कुणाचं आणि चालू आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

तिसरं होतं विमानाचं. ट्रॅव्हल एजंटनं आमच्या प्लॅनमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी स्कुबा, मग फेरीबोट आणि त्याच दिवशी दुपारी विमान टाकलं होतं. सहाव्यानं ते ऐकल्याबरोबर सांगितलं की असं असेल तर मी नेणार नाही. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं तर वरचा दाब कमी असतो, मग गोटी सोडा फोडल्यावर जसे बुडबुडे सुटतात तसे ते अंगात सुटू शकतात. एक डाइव्ह असली तर कमीत कमी 12 तास, दोन-तीन केल्या तर 18, आणि पूर्ण 24 ठेवले तर उत्तम. एजंटला फोन केला, तो म्हणला ताई सगळे असंच करतात. मी म्हणलं दादा, आमचं बदला. स्कुबा सहलीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं, आणि हे किती बरं झालं ते पुढं कळलं, कारण त्या दिवशी वारं सुटलं म्हणून त्यांनी सकाळीच बोट रद्द केली आणि आम्हाला पुढचा दिवस शिल्लक होता.

आणि चौथं, हवा कुठं भरता? या प्रश्नावर आधीचे दोघं चिडले होते. पण मी खेड्यातली आहे, विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजन चालू असताना खाली गेलेली माणसं वर आली नाहीत, हे आमच्या भागात घरोघरी ऐकलेलं असतं. अण्णा जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, लिंबाचा डहाळा दोरीला बांधून वर-खाली हलवायचे. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं आपण समजतो, पण त्यात आपलीच साधी हवा असते, दाबून भरलेली, साधारण 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाबानं. मग भरताना कॉम्प्रेसर हवा ओढतो कुठून, शेजारी जनरेटरचा धूर असला तर तोच सिलिंडरमध्ये जाणार. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खोल पाण्यात दाबाखाली त्याचा त्रास वाढतो. सहावा म्हणला, शाम को आके देख लो. आम्ही गेलो. हवा ओढायचा पाइप छपराच्या वर, इंजनपासून लांब नेलेला होता, फिल्टर कधी बदलला त्याची तारीख डब्यावर मार्करनं लिहिलेली.

हॅवलॉकला (2018 पासून नाव स्वराज द्वीप, तिथं मात्र सगळे हॅवलॉकच म्हणतात) गोविंदनगरच्या बाजूला हे दुकान होतं, साधंच, पत्र्याचं. मी अर्धा तास नुसती बघत बसले. एक पोरगा गोड्या पाण्याच्या टाकीत रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) खळबळून सावलीत टांगत होता, एकेक तोंडात धरून दोन श्वास घेऊन बघत होता. भिंतीवर फळा, त्यावर बोटीतल्या प्रत्येकाचं नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. अडचणीच्या वेळी लागणारी ऑक्सिजनची पेटी कुठंय विचारलं तर नुसती दाखवली नाही, उघडली, काटा दाखवला. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले, ते डोक्यात होतं, म्हणून बोटीत लाइफ जॅकेट मोजले. ते पण त्यांनी मोजू दिले.

आता नकाराचं सांगते. फॉर्म आला, पहिल्या पानावर 10 प्रश्न. काहींना हो असलं की सरळ डॉक्टरची सही लागते, बाकीच्यांना हो असलं की पुढं आणखी प्रश्न, आणि त्यातही हो निघालं की सही लागतेच. आमच्या ह्यांना दमा आहे, तुरीच्या-ज्वारीच्या राशीत धूळ उडाली की पंप लागतो. आधीच्या पाचातला एक जण फोनवर सरळ म्हणला होता की नही लिख दो, कुछ नही होता. यांनी मात्र खरं लिहिलं, आणि इन्स्ट्रक्टरनं फॉर्म वाचून पेन खाली ठेवला. डॉक्टरच्या सहीशिवाय नाही. हे म्हणले अहो मी रोज पाच किलोमीटर चालतो, दोन महिन्यांत पंप लागला नाही. तो शांतपणे सांगत राहिला, दम्यात नळ्या आवळल्या तर फुफ्फुसात हवा अडकते, 10 मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, ती बाहेर पडली नाही तर फुफ्फुस फाटतं, आणि त्यातनं वाचवायला मी काही करू शकत नाही. म्हणूनच सगळ्यांना पहिला नियम, श्वास कधी रोखायचा नाही. यांचं तोंड उतरलं, रात्री जेवताना बोलले नाहीत. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी, फार वाटलं, दोन वर्षं पैसे साठवून आलो होतो. पण त्याच रात्री माझी पोरीबद्दलची काळजी गेली. जो माणूस हातात आलेले साडेचार हजार सोडतोय तो माझ्या बारा वर्षाच्या लेकराला पाण्यात एकटं सोडणार नाही.

सकाळी कमरेएवढ्या पाण्यात चाळीस मिनिटं नुसता सराव. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकानं फुंकून कसं काढायचं, रेग्युलेटर तोंडातून सुटला तर कसा शोधायचा, आणि कान, परत परत कान. नवशिक्यांना 12 मीटरच्या खाली नेत नाहीत, आम्ही आठपर्यंत गेलो. चार मीटरवर माझा तोच जुना कान अडला. मी हात पालथा करून हलवला, कानाकडं बोट केलं. इन्स्ट्रक्टरनं लगेच मला एक मीटर वर घेतलं आणि थांबला. घाई नाही, ओढणं नाही, माझ्या डोळ्यात बघत थांबला. नाक धरलं, फुंकर मारली, कुठंतरी आत बारीक टक् झालं आणि दुखणं गेलं. मग खाली. एक मोठा शिंपला उघडा होता, आतले ओठ निळे-हिरवे मखमलीसारखे, आमची सावली पडली तसा तो मिटला. माशांना बिस्किटं नाहीत, प्रवाळाला हात नाही, पोरीचा पाय एकदा प्रवाळाजवळ गेला तर तिच्या इन्स्ट्रक्टरनं तो हळूच धरून बाजूला केला. ज्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथली ही पोर, तेव्हा तीन वर्षाची होती, कळशीजवळ बसून घोट मोजून पाणी प्यायची. तिला त्या निळ्या पाण्यात तरंगताना बघून मास्कच्या आत माझे डोळे भरून आले.

वर आलो तर हे बोटीच्या शिडीजवळ टॉवेल घेऊन उभे. पोरीला आधी गुंडाळलं आणि म्हणले, सांग काय काय दिसलं, सगळं सांग. ती दुकानात पोचेपर्यंत बोलत होती. फळ्यावर आमच्या नावापुढं बाहेर आल्याची वेळ पडली, 10:50, आणि त्यानं परत विचारलं, फ्लाइट कब की है.

आता तिला ओपन वॉटर, म्हणजे स्कुबा शिकायचा पहिला कोर्स करायचाय, त्यात 18 मीटरपर्यंत जाता येतं, तिच्या वयाला काही वेगळी अट आहे का ते विचारून घेऊ. तोवर मे महिन्यात माहेरी जाणार आहोत. अण्णांना फोनवर विचारलं विहिरीत पाणी किती राहील, ते म्हणले दोन पुरुष तरी राहील. पोरगी आत्तापासून सोफ्यावर बसून नाक धरून फुंकर मारायची प्रॅक्टिस करतेय, तिला तळाची माती आणायचीय.