बारा चौरस मीटरची खोली

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी, आई, बाबा, दादा आणि मी. जर्मनीत गॉटिंगेनच्या हॉस्टेलमध्ये मला मिळालेली खोली १२ चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ १२९ चौरस फूट. पहिल्या संध्याकाळी बॅग न उघडताच मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजली आणि मग पलंगावर नुसती बसून राहिले. जवळपास आमच्या घराएवढी जागा, आणि तीत मी एकटी.

"मग रात्री सोबतीला कोण?" आजीनं फोनवर विचारलं.

एम.ए.च्या तिसऱ्या सेमिस्टरला एक्सचेंजवर गेले होते, ऑक्टोबर ते मार्च. तिथल्या विद्यापीठाची शिकवणी फी नव्हती, पण व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, पैसे दाखवावे लागले. ते बाबांनी कसे उभे केले, हे त्यांनी मला आजही नीट सांगितलेलं नाही. आजीची समजूत मात्र त्यांनीच घातली. संस्कृतपंडित रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठानं १८८५ साली सन्मानाची डॉक्टरेट दिली होती, आणि भांडारकर मूळचे मालवणचे. आमचं गाव कुडाळजवळ. "आपल्याकडचा माणूस तिथं पोचलेला आहे," एवढं आजीला पुरलं.

मला मात्र सुरुवातीला झोपच येईना. थंडीमुळे नाही, शांततेमुळे. चाळीच्या पॅसेजमध्ये रात्री बारा वाजताही कुणाच्या तरी चपला वाजतात, कुणाचं बाळ रडतं, पलीकडच्या खोलीतले काका खोकतात. या आवाजांवर मी बावीस वर्षं झोपले होते. तिथे रात्रीचे तीन वाजले की मुंबईत साडेसहा. मी आईला फोन लावायचे आणि सांगायचे, बोलू नकोस, फोन नुसता ओट्यावर ठेव. मोरीत भरणारी बादली, कुकरची शिट्टी, दादाला मारलेल्या हाका ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. रविवार सगळ्यात कठीण. दुकानं बंद, रस्ते रिकामे. पहिल्या रविवारी घरात फक्त ब्रेड आणि मीठ होतं.

आमच्या सेमिनारचा विषय होता शहरातला शेजार. टेबलं गोल मांडलेली, वाचन घरून करून यायचं. तिसऱ्या आठवड्यात माझी पाळी आली. दोन रात्री जागून मी लेखाचा सारांश काढला होता. मुद्दे क्रमानं, व्याख्या तोंडपाठ, आपल्याकडे पंधरा मार्कांच्या उत्तराला लिहितो तसा. बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "छान. आणि तुला काय वाटतं?" मला वाटलं काहीतरी सांगायचं राहिलं, म्हणून शेवटचा मुद्दा मी पुन्हा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न परत विचारला. मी गप्प. तासाच्या शेवटी टाळ्यांऐवजी बाकावर बोटांनी टकटक करायची तिथे पद्धत आहे. ती टकटक ऐकताना माझे कान तापले होते.

खोलीवर येऊन मी खूप रडले. मग विचार करत बसले की मला खरंच काय वाटतं, आणि हे मला माहीत का नाही. घरात काय हवं-नको ते माझं मी कधी ठरवलंच नव्हतं. याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. पाच माणसांच्या खोलीत एकाची आवड म्हणजे चौघांची अडचण. बाबांची पहाटेची पाळी, म्हणून साडेदहाला दिवा बंद. आजीला वारा सोसत नाही, म्हणून पंखा एकवर. अशा घरात शहाणं मूल आवडीनिवडी बाजूला ठेवूनच वाढतं, आणि मी फार शहाणी मुलगी होते. रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचायला मला आवडतं, हा शोध मला बाविसाव्या वर्षी गॉटिंगेनमध्ये लागला.

डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत अंधार पडतो. जुन्या गावाभोवती तटबंदीचा उंचवटा आहे, त्यावरून पूर्ण फेरी मारता येते. मी रोज ती फेरी मारायचे आणि त्या आठवड्याच्या लेखाशी मोठ्यानं, मराठीत, भांडायचे.

जानेवारीत वर्गात चाळीवर चर्चा निघाली. फोटो बघून सगळे हरखले होते. केवढा एकोपा, केवढा जिव्हाळा! या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी हात वर केला. म्हटलं, एकोपा खरा आहे. माझी आई आजारी असताना महिनाभर आमचा डबा शेजारच्या काकू करत होत्या. पण पहाटे संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, हा जिव्हाळा तिनं निवडला होता का. इंग्रजी अडखळत होतं, आवाज कापत होता. पण वाक्य माझं होतं.

पुढे त्यावरच पंधरा पानांचा निबंध लिहिला. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या इमारती, मजल्याला वीस खोल्या, मधोमध तो अंधारा पॅसेज. आता पुनर्विकासात प्रत्येक कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ते घर आमच्या लोकांच्या हक्काचंच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न होता, त्या पॅसेजमध्ये होणारं काम, म्हणजे मुलं सांभाळणं, पापड वाळवणं, म्हाताऱ्यांवर नजर ठेवणं, उंच टॉवरमध्ये कुठे जाणार? उत्तर मला पूर्ण सापडलं नाही, आणि तसं मी लिहिलं. बाईंनी समासात लिहिलं होतं: नव्या घरांच्या नकाशांबद्दल बायकांना कुणी विचारलं का?

एप्रिलमध्ये घरी आले. पॅसेजमध्ये रोज नव्या घरांचीच बोलणी. कुठला मजला, पार्किंग, मेंटेनन्स. बोलणारे सगळे पुरुष. एका दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, नव्या घरात तुला काय हवंय?"

"तुमचं सगळ्यांचं झालं की बास."

"तसं नाही. तुला काय वाटतं?"

ती बराच वेळ ताटातल्या तांदळात बोट फिरवत राहिली. खडा नसलेल्या जागीही. मग पॅसेजकडे एकदा बघून, हळू आवाजात म्हणाली, "एक खोली, आतून कडी लावता येईल अशी. दुपारी तासभर."